आत्याची म्हैस आणि माझं फ्रेंच

शनिवारी सकाळी भिवपुरी रोड स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर एका भटक्या कुत्र्याकडे बोट दाखवून ‘ल शियाँ, ल शियाँ’ असं पुटपुटणारी एक बाई तुम्हाला दिसली असेल, तर घाबरू नका. ती मीच होते. कुत्र्याने शेपूट हलवली. माझ्या फ्रेंचला आजवर मिळालेली ही पहिली आणि शेवटची उत्स्फूर्त दाद.

तर झालं असं, की आमच्या ऑफिसच्या नव्या प्रोजेक्टचा क्लायंट लिआँचा. जानेवारीत सहा महिन्यांसाठी तिकडे जायचंय. ‘तुला फ्रेंच येतं ना? सीव्हीत लिहिलंयस,’ बॉस म्हणाला. आता सीव्हीत काय, आपण ‘रीडिंग’ आणि ‘स्विमिंग’ही लिहितो! पण ते अगदीच खोटं नव्हतं. अकरावी-बारावीला मी फ्रेंच घेतलं होतं. का? तुम्हालाही माहितीय का ते. स्कोअरिंग! महाराष्ट्रातल्या हजारो पोरांनी फ्रेंचवर प्रेम केलं ते व्हिक्टर ह्यूगोमुळे नाही, टक्क्यांमुळे. शंभरात त्र्याण्णव मिळाले आणि लक्षात राहिलेली वाक्यं दोन. त्यातलं एक ‘माझं नाव अमुक आहे’ आणि दुसरं ‘मला समजलं नाही’. दुसरं जास्त उपयोगी.

सो, पुन्हा श्रीगणेशा. ए-वन लेव्हल, दर रविवारी ऑनलाइन क्लास. अंक झाले, रंग झाले आणि मग मॅडमनी बॉम्ब टाकला. ‘पुढच्या रविवारी पंधरा प्राणी. पुस्तकातले नकोत, या आठवड्यात स्वतः पाहिलेले. प्रत्येकाचं लिंग आणि एक वाक्य.’

मी ठाण्याच्या फ्लॅटमध्ये यादी करायला बसले. कबूतर. पाल. झुरळ. सोसायटीच्या गेटवरचं मांजर. पुढे? पुढे काही नाही! बावीस मजल्यांच्या टॉवरमध्ये माणसं सोडून चार जाती. मग आत्याला फोन लावला. ‘ये की गो,’ ती म्हणाली. ‘सोमवारी गंगी जायचीय. तिला बघून तरी जाशील.’

गंगी म्हणजे आत्याची म्हैस. ‘जायचीय’चा अर्थ मला तेव्हा नीट कळला नाही. माझ्या डोक्यात पंधरा प्राणी नाचत होते.

तो, ती आणि ते

नेरळ गेलं की लोकल रिकामी होते. माथेरानचे लोक तिथेच उतरतात. पुढचं स्टेशन भिवपुरी रोड. पावसाळ्यात धबधब्यासाठी येणारा कॉलेजचा घोळका आणि गार्बेट पॉइंट चढणारे ट्रेकर्स सोडले, तर इथे कुणी सहसा उतरत नाही. टाटांच्या वीजकेंद्रामुळे भिवपुरीचं नाव शंभर वर्षांपूर्वीच, १९२२ मध्ये वीजनिर्मितीच्या नकाशावर आलं. आत्याच्या घरची वीज मात्र त्या दिवशीही गेलेली होती.

गणपती नुकतेच झालेले. भात पोटरीला आलेलं. बांधावरून चालत होते आणि आत्याचा नातू, इयत्ता चौथी, माझी बॅग ओढत पुढे. गंमत म्हणजे मी त्याच्या आजीला आत्या म्हणते आणि तो मला. फ्रेंचमध्ये आत्या, मावशी, काकू, मामी या सगळ्यांना मिळून एकच शब्द, ‘ताँत’. तिकडची लग्नाची आमंत्रणं लिहायला किती सोपी जात असतील!

‘आत्या, तू कसला अभ्यास करतेस?’

‘प्राण्यांची फ्रेंच नावं.’

‘एवढी मोठी होऊन?’

या प्रश्नाचं उत्तर ए-वनला नसतं.

फ्रेंच शिकणारा प्रत्येक जण पहिल्याच आठवड्यात एक तक्रार करतो. प्रत्येक वस्तूला लिंग काय, टेबल ‘ती’ कसं, पुस्तक ‘तो’ कसं? आमच्या ऑनलाइन बॅचमध्ये ज्यांचं सगळं शिक्षण आणि घरचं बोलणंही इंग्लिशमध्ये झालंय, ती मंडळी यावर अक्षरशः रडतात. फ्रेंड्स, आपण मराठी माणसं का रडायचं? त्यांच्याकडे दोनच लिंगं, आपल्याकडे तीन! कावळा कायम तो, चिमणी कायम ती, घुबड कायम ते. घारीतला नर कधी ‘तो घार’ होतो का? हे आपण दोन वर्षांचे असताना शिकलो, तेही न रडता.

फंडा सिम्पल आहे. ‘ल’ म्हणजे तो, ‘ला’ म्हणजे ती. बांधावरच मी आणि चौथीवाल्याने तीन गट पाडले.

पहिला गट, जमलेल्या जोड्यांचा. ती गाय, ला वाश. ती शेळी, ला शेव्र. ती कोंबडी, ला पूल. ती मुंगी, ला फुर्मी. तो कोंबडा, ल कॉक. तो घोडा, ल शव्हाल. तो साप, ल सेर्पां. तो डास, ल मुस्तिक. इथे काही पाठ करायचंच नाही, मराठीवर भरवसा ठेवायचा.

दुसरा गट, उलट्या खोपडीचा. आपला बेडूक तो, त्यांची ग्रनुय ती. आपला उंदीर तो, त्यांची सुरी ती. आपली चिंबोरी ती, त्यांचा क्राब तो. हे वेगळ्या रंगाने लिहायचे आणि रोज एकदा बघायचे. घोटाळा होतो तो इथेच.

तिसरा गट अनाथ. आपले ‘ते’वाले. फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही, म्हणून बिचाऱ्यांना कुठल्यातरी घरात दत्तक जावं लागतं. ते मांजर झालं ल शा. ते माकड झालं ल सँझ. ते फुलपाखरू, ल पापियों. ते कासव मात्र पलीकडच्या घरात, ला तॉर्त्यू.

आणि एक सीक्रेट टिप. शब्द स्वराने सुरू झाला, की ‘ल’ आणि ‘ला’ दोन्ही आखडून नुसता ‘ल्’ उरतो आणि लिंग गुपचूप लपून बसतं. खार म्हणजे एक्युरय, पण तो की ती? म्हणून असे शब्द ‘एक’ लावून पाठ करायचे. अँन एक्युरय, म्हणजे तो. युन आबेय, म्हणजे ती मधमाशी. ही टिप अकरावीत कुणी दिली असती, तर माझे सात मार्क वाचले असते!

कोकोरिको!

घरी पोचलो तेव्हा आत्या कोंबड्यांना दाणे टाकत होती. चौथीवाल्याने जाहीर केलं, ‘आजी, फ्रान्सचा कोंबडा कुकूचकू करत नाय. कोकोरिको करतो.’

‘आजारी असंल,’ आत्या म्हणाली.

खरं तर कोंबडा हा फ्रान्सचा लाडका प्राणी. लॅटिनमध्ये ‘गॅलस’ म्हणजे कोंबडाही आणि गॉलचा, म्हणजे जुन्या फ्रान्सचा, रहिवासीही. त्या श्लेषावरून कोंबडा त्यांचं प्रतीक झाला आणि फुटबॉल टीमच्या जर्सीवर जाऊन बसला. पण आत्याच्या अंगणाशीही त्याचं नातं आहे. सह्याद्रीच्या जंगलात जो राखाडी रानकोंबडा असतो, त्याला फ्रेंचमध्ये ‘कॉक द सोनेरा’ म्हणतात. पिएर सोनेरा हा अठराव्या शतकात भारतात फिरून गेलेला फ्रेंच निसर्गअभ्यासक, त्याच्यावरून हे नाव. आणि २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की पाळीव कोंबड्यांच्या पायांचा पिवळा रंग या राखाडी रानकोंबड्याकडून आलाय. म्हणजे फ्रान्समधल्या एखाद्या पिवळ्या पायांच्या कोंबडीतही आपल्याकडचा एक धागा आहे. हे मी आत्याला सांगितलं. तिने कोंबडीच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाली, ‘अंडी सहा झाली आज.’

अंड्यावरून आठवलं. फ्रेंचमध्ये एक अंडं म्हणजे ‘अफ’. दोन-चार अंडी झाली, की लिहिताना ‘एस’ वाढतो आणि बोलताना ‘फ’ गायब! नुसतं ‘अ’. बैलाचंही तसंच. एक बैल ‘बफ’, बैलांची जोडी ‘ब’. बैल वाढले, शब्द आटला. कारभार उधळा आणि उच्चार काटकसरीचा, असा हा प्रकार.

सगळ्यात भारी शब्द पक्ष्याचा. उच्चार ‘वाझो’. स्पेलिंग ओ, आय, एस, ई, ए, यू. इंग्लिशचे पाचही स्वर हजर आणि त्यातला एकही स्वतःच्या आवाजात बोलत नाही. मॅडम म्हणतात, हा शब्द जमला की अर्धं फ्रेंच जमलं. मला हा शब्द जमलाय. उरलेलं अर्धं कुठे आहे ते शोधतेय.

गोठ्यातली परीक्षा

दुपारी गंगीला पाण्यावर नेलं. ती डबक्यात बसली. पाठीवर लगेच एक पांढरा बगळा येऊन टेकला. मी मोबाइलवर नाव शोधलं. आपण याला गायबगळा म्हणतो. फ्रेंचमध्ये काय असावं? ‘एराँ गार्द-ब’, म्हणजे गुरं राखणारा बगळा! दोन टोकांच्या दोन देशांतल्या माणसांनी एकच पक्षी बघितला आणि दोघांनाही तो गुराशिवाय सुचला नाही. मला उगीच छान वाटलं.

‘आणि हिला काय म्हणतात तिकडं?’ आत्याने गंगीकडे हनुवटी केली.

‘ब्युफ्ल.’

‘आणि वगारीला?’

मी थांबले. वगार म्हणजे? मला फ्रेंच येत नव्हतं तो प्रश्न नंतरचा, मला मराठी येत नव्हतं!

‘आगो, न व्यालेली तरणी म्हैस ती वगार. तिचं पोर ते रेडकू. मादी असली तर पारडी. मोठा नर तो रेडा. गाईचं ते वासरू, कालवड, गोऱ्हा. शेळीचं करडू. मेंढीचं कोकरू. घोडीचं शिंगरू.’ आत्या एका दमात म्हणाली. तिने कधी कुठला क्लास लावलेला नाही.

मी वहीत लिहीत सुटले. फ्रेंच वहीत मराठी शब्द. डिक्शनरीत खूप खोदल्यावर म्हशीसाठी ‘ब्युफ्लोन’ सापडलं, पण ते आमच्या पुस्तकात नव्हतं. गाईच्या बाबतीत मात्र फ्रेंच आपल्याला हार जात नाही. गाय वाश, वासरू व्हो, वळू तोरो, बैल बफ आणि कालवडीला चक्क वेगळा शब्द, झेनिस. त्यांच्या गावांत गाई, म्हणून शब्द गाईंचे. आमच्या गावात म्हशीही, म्हणून शब्द म्हशींचेही. ज्याच्या गोठ्यात जे, त्याच्या तोंडी ते.

आणि गोठा रिकामा झाला तर?

हा प्रश्न मला तिथे डबक्याच्या काठावर पडला. कारण तोपर्यंत ‘सोमवारी जायचीय’चा अर्थ कळला होता. मुरबाडकडचा एक जण गंगीला घेऊन जाणार होता. आत्याचे गुडघे गेलेत. माझा आतेभाऊ अंबरनाथला कंपनीत, सकाळी सहाची लोकल पकडतो. आणि जिथे गंगी चरायची त्या माळाला आता तारेचं कुंपण आहे. आत प्लॉट पाडलेत, गेटवर इंग्लिशमध्ये काहीतरी ‘ग्रीन्स’ लिहिलंय. विकणाऱ्यांना दोष कसा द्यायचा? आणि घेणारे कोण? आपणच. तुम्ही, मी, वीकएण्ड होमचं ब्रोशर फ्रिजवर मॅग्नेटने लावून ठेवणारे. माझ्या फ्रिजवरही एक आहे. त्यावर हिरवळ आहे, स्विमिंग पूल आहे, सूर्यास्त आहे. म्हैस नाही.

‘वाईट वाटतंय का गो आत्या?’ मी विचारलं.

‘वाटून कसं चालंल? तिला तिथं चारा हाय. इथं काय खाईल, तार?’

मग ती बराच वेळ काही बोलली नाही. मीही नाही. बगळा उडून गेला.

मुंगूस!

संध्याकाळची एक वेळ असते, जेव्हा समोरून येतंय ते कुत्रं की लांडगा कळत नाही. फ्रेंच लोक तिला ‘आँत्र शियाँ ए लू’ म्हणतात, कुत्रा आणि लांडगा यांच्यामधली वेळ. आपली तिन्हीसांज. माथेरानचा डोंगर काळा पडला होता, शेतात बेडकांनी डराव डराव सुरू केलं होतं. फ्रेंच बेडूक ‘क्वा क्वा’ करतात, पण भिवपुरीचे अजून सुधारलेले नाहीत.

माझी यादी चौदावर अडली होती. एवढ्यात बांधावरून काहीतरी तपकिरी सळकन गेलं आणि चौथीवाला ओरडला, ‘मुंगूस! मुंगूस!’ आणि लगेच त्याला तोंड दाखवायची शपथ घालू लागला. मी पण लहानपणी याच बांधावर घातली होती. मुंगूस थांबलं, वळून बघितलं आणि गेलं.

मी मोबाइल काढला. मुंगूस, फ्रेंचमध्ये? उत्तर आलं, ‘ला माँगूस्त’.

माँगूस्त? मुंगूस? मी मूळ शोधलं. कोशात दिलेलं होतं. पोर्तुगीजमधून आलेला शब्द आणि त्याआधी... मराठी!

पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर होते. वसईला, गोव्याला आणि आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या चौलला. त्यांच्या तोंडी आपलं मुंगूस बसलं आणि युरोपला गेलं. इंग्रजांनी त्याचं मंगूज केलं, फ्रेंचांनी माँगूस्त. पण त्यांच्याकडे ‘ते’ नाही ना, म्हणून आपलं ‘ते मुंगूस’ तिकडे जाऊन ‘ती’ झालं. व्हिसा नाही, आयईएलटीएस नाही, ए-वन नाही. सरळ डिक्शनरीत पर्मनंट रेसिडेन्सी!

कोल्ह्याची गोष्टही अशीच आहे. त्यांचा ‘शाकाल’ तुर्की आणि फारसीतून मागे मागे गेलं, की संस्कृतच्या ‘शृगाल’ला भिडतो. वर रुबाब बघा. फ्रेंचमध्ये ‘आल’वर संपणाऱ्या बऱ्याच पुल्लिंगी शब्दांचं अनेकवचन ‘ओ’ होतं. शव्हालचे शव्हो, आनिमालचे आनिमो. शाकाल मात्र अपवाद. तो बदलत नाही. परदेशात इतकी वर्षं राहूनही गावचा हेका सोडला नाही!

मी हे सगळं उड्या मारत आत्याला सांगितलं. मुंगूस आपलं आहे, आत्या, आपलं! फ्रान्समध्ये मुंगसाला मुंगूसच म्हणतात!

आत्या चुलीपाशी बसली होती. म्हणाली, ‘मंग तू तिकडं गेलीस तरी तुला एक शब्द येतोच की.’

त्या रात्री नीट झोप लागली नाही. शब्द प्रवास करतात, हे छानच. पण मुंगूस तिकडे गेलं तेव्हा इकडचं मुंगूस संपलं नव्हतं. अजूनही बांधावर आहे, म्हणून चौथीवाल्याला शब्द येतो. ‘वगार’ त्याला येईल का? गंगी गेल्यावर त्या घरात तो शब्द कुणी, कशासाठी वापरायचा? शब्द डिक्शनरीत जपता येतात, मान्य. पण मला आत्याच्या तोंडून तो चार सेकंदांत कळला, कारण समोर म्हैस बसली होती.

रविवारी अकरा वाजता क्लास. भिवपुरीत नेटवर्क यायची एकच जागा, गोठ्याचं दार. मी तिथे मोडा टाकून बसले, शेजारी चौथीवाला, मागे गंगी. माझी पाळी आली. पंधरा प्राणी धडाधड म्हटले. बेडूक चुकला नाही, उंदीर चुकला नाही. मुंगसाची गोष्ट सांगितली तेव्हा मॅडम स्वतः डिक्शनरी उघडून बघायला लागल्या. आणि शेवटी वाक्य. ‘मा ताँत आ युन ब्युफ्लोन.’ माझ्या आत्याकडे एक म्हैस आहे.

‘त्रे बियाँ!’ मॅडम म्हणाल्या. म्हणजे शाब्बास.

‘मॅडम, “होती” कसं म्हणायचं?’ मी विचारलं.

‘पास्ट टेन्स? तो अजून आपल्याला नाही. पुढच्या युनिट्समध्ये. सध्या सगळं प्रेझेंटमध्येच बोला.’

मी मागे वळून बघितलं. गंगी रवंथ करत होती. बरं झालं, म्हटलं. अजून निदान काही रविवार, फ्रेंचमध्ये तरी, आत्याकडे म्हैस आहे.

या वीकएण्डला ट्राय करा

घरात ज्यांनी गुरं राखलीत असं एक माणूस शोधा. आजी, काका, सोसायटीचे वॉचमनमामा, कुणीही. त्यांना दहा प्राण्यांच्या पिल्लांची नावं विचारा. आधी ती मराठीत पाठ करा, तो-ती-तेसकट. मगच फ्रेंच, जर्मन, जॅपनीज, जे काय शिकताय त्याचं पुस्तक उघडा. पाठ लवकर होतं, हा माझा अनुभव. आणि फ्रिजवरचं ब्रोशर? माझं मी काढलं. त्या मॅग्नेटखाली आता एक चिठ्ठी आहे. वगार, पारडी, रेडकू, रेडा.

आ बियाँतो! म्हणजे, भेटू लवकरच.